उंट रवंथ करत होता

प्रश्न विचारून झाला की उंट बरोबर पाच वेळा जबडा हलवतो आणि मगच पुढचं बोलतो, ही माहिती प्राणिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. आज चाळिशीत असलेल्या बऱ्याच माणसांच्या डोक्यात मात्र ती पक्की बसलेली आहे. समोरचा बोलता बोलता थांबला, म्हणजे आता आपली पाळी, असं ही माणसं अजूनही धरून चालतात. ऑफिसातल्या बैठकांमध्ये त्यामुळे त्यांचं नुकसानच होत असणार.

हा उंट कापडाचा होता, नाव उंटोबा, आणि रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा तो टीव्हीवर यायचा. एका बुटक्या भिंतीवरून त्याची मान आणि डोकं तेवढं दिसायचं. बाकीचा उंट म्हणजे एक सुतार होता.

सुतार टीव्ही केंद्रात लागला तो नेपथ्य विभागात. खोटी दारं उभी करायची आणि खरी दुरुस्त करायची, हे त्याचं काम. उंटाच्या जबड्याची बिजागरी करकरते म्हणून त्याला एकदा स्टुडिओत बोलावलं. त्याने बिजागरी बदलली, जबडा नीट चालतो का ते बघायला हात आत घातला, आणि तो हात पुढे सत्तावीस वर्षं तिथेच राहिला. कारण उंट चालवणारा कलाकार त्याच आठवड्यात जाहिरातींच्या धंद्यात निघून गेला होता, आणि निर्मातीबाईंना साडेपाचला कुणाचा तरी हात हवाच होता. आवाजाचं काय करायचं, असं सुताराने विचारलं. बाई म्हणाल्या, "उंटाचा आवाज कुणी ऐकलाय? तुमचाच चालेल."

भिंतीमागे, चाकं लावलेल्या एका फळीवर तो उताणा पडायचा. उजवा हात सरळ वर, डाव्या हातात संवादांचा कागद, आणि कानाशी ठेवलेल्या छोट्या पडद्यावर आपला उंट काय करतोय ते तिरप्या डोळ्याने बघायचं. फळी त्याने स्वतःच बनवली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पुढे पुढे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वरच राहू लागला. शिंपी माप घेताना दर वेळी म्हणायचा, "सरळ उभे राहा बघू." सुतार म्हणायचा, "राहिलोय."

पाच वेळा जबडा हलवण्याची पद्धत चुकीतून आली. दुसऱ्याच आठवड्यात, थेट प्रक्षेपण चालू असताना, उंटाने मुलांना विचारलं की दिवसा चांदण्या कुठे जातात. पुढचं वाक्य कागदावर होतं आणि कागद फळीच्या चाकाखाली गेला होता. सुतार डाव्या हाताने कागद ओढत होता आणि उजव्या हाताला काहीतरी करायला हवं म्हणून जबडा हलवत होता. एक, दोन, तीन, चार, पाच. कागद फाटला. तेव्हा त्याने मनाला येईल ते बोलून टाकलं, "अस्सं होय? मला वाटलंच नव्हतं."

नोकरी गेली असं धरून त्याने दोन दिवस हत्यारांची पेटी बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी पत्रं आली. त्यातलं एक रेघा सोडून उतरत गेलेल्या अक्षरात होतं: मी उत्तर सांगितलं. तू ऐकलंस. आमचे बाबा म्हणतात तू ऐकत नाहीस. पण तू ऐकलंस.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आता हे रोज करायचं."

पाचच का, सात का नाही, याचं कारण तांत्रिक होतं. नियंत्रण कक्षात एक यंत्र होतं; सहा सेकंद आवाज आला नाही की प्रक्षेपण बंद पडलं असं समजून ते घंटा वाजवायचं, आणि ड्यूटीवरच्या इंजिनिअरला नोंदवहीत बिघाडाचं कारण लिहावं लागायचं. सुताराने हे सत्तावीस वर्षांत एकदाच विसरून सातपर्यंत नेलं. घंटा झाली, तीन माणसं धावली. इंजिनिअर सरळमार्गी होता. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात त्याने लिहिलं: उंट रवंथ करत होता.

सुताराला सगळे उंटोबाच म्हणू लागले. चेहऱ्याने त्याला कुणीच ओळखत नव्हतं, याचं त्याला वाईट वाटत नसे. भाजी घेताना एखादं पोर आईला उंटाची गोष्ट सांगत असलं की तो मागे उभा राहून निवांत ऐकायचा. बायको म्हणायची, "घरच्यांचं ऐकलं असतं एवढं मन लावून, तर कल्याण झालं असतं."

कार्यक्रम बंद कसा पडला, हे सांगायला फार वेळ लागत नाही. चोवीस तास कार्टून दाखवणाऱ्या वाहिन्या आल्या. तिथे दर चार सेकंदाला कुणीतरी आपटायचं, त्यामुळे थांबण्याचा प्रश्नच नव्हता. मग केंद्राने रोजचा कार्यक्रम आठवड्यातून तीनदा केला, नंतर रविवारी सकाळी साडेसहाला नेला, आणि वर्षभराने एक अहवाल मागवला. मुलं हा कार्यक्रम बघत नाहीत, असं अहवालात निघालं. सुताराच्या निवृत्तीच्या दिवशी भांडारात उंटाची नोंद होती ती अशी: प्राणी, कापडी, एक नग, झिजलेला. झिजलेल्या नगाचं काय करायचं याचा नियम सापडेना, म्हणून भांडारपालाने तो सुताराला पिशवीत घालून दिला.

पुढे काही वर्षांनी एका डिजिटल कंपनीने केंद्राकडून जुने मुलांचे कार्यक्रम घेतले, आणि त्यात उंटही गेला. कंपनीला नवा, संगणकावर काढलेला उंट करायचा होता, पण आवाज जुनाच हवा होता. उंटोबाला तीन दिवस एका खोक्याएवढ्या खोलीत बसवून त्यांनी आठशे वाक्यं वाचून घेतली. खिडकी उघडी आहे. माझी टोपी कुठे गेली. तुम्ही किती हुशार आहात. "अस्सं होय" हे त्याने सहा प्रकारे म्हटलं, आनंदाने, आश्चर्याने, आणि एकदा, त्यांच्याच सांगण्यावरून, "थोडं झोपेत असल्यासारखं". आता यंत्र या आवाजात वाटेल ते बोलू शकेल, आपल्याला परत यायची गरज नाही, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने सही केली. फार दिवसांनी तो शीळ घालत घरी आला.

"म्हणजे आता तुम्ही मेलात तरी बडबड चालू राहणार," बायको म्हणाली.

"तसंच समज."

"मग मला काय फरक पडणार आहे?"

नवा उंट जांभळा होता. त्याला पापण्या होत्या. तो रवंथ करत नव्हता; उघडं तोंड दिसणं बरं नाही, असं कुणीतरी ठरवलं होतं. प्रत्येक गोष्ट अडीच मिनिटांची, आणि ती संपायच्या आत पुढची सुरू. लेकीने आपल्या फोनवर तो लावून दाखवला तेव्हा उंटोबाने शेवटपर्यंत बघितला आणि "रंग चांगला आहे" म्हणाला.

मुलगी आणि जावई दोघंही नोकरी करणारे, त्यामुळे नात दुपारभर आजी-आजोबांकडे असायची. नात सव्वातीन वर्षांची होती आणि जवळजवळ बोलतच नव्हती. कान तपासले, ते उत्तम होते. समजायचं सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची, तीही ज्याची त्याला. पण शब्द म्हणून चार-पाच, आणि तेही मनात आलं तर. स्पीच थेरपिस्टने एक वही आखून दिली होती: तारीख, नवा शब्द, कोणत्या प्रसंगी. दीड महिन्याने परत बोलावलं होतं. तोवर वहीत काही दिसलं नाही, तर पुढच्या तपासण्या करू, असं त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या म्हणजे कसल्या, हे मुलीने विचारलं नव्हतं. तिला रात्री झोप लागत नव्हती, एवढं मात्र जावयाने सासूला सांगितलं होतं.

थेरपिस्टने घरच्यांसाठी एक कागदही दिला होता. मुलीने तो बाबांना वाचून दाखवला. "मुलीला सोपा प्रश्न विचारा. मग थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. मध्ये बोलू नका. उत्तर काहीही आलं तरी आनंदाने स्वीकारा."

उंटोबाने कागद हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला. आपलं सबंध आयुष्य पाच ओळींत मावतं, हे त्याला नव्यानेच कळत होतं.

"जमेल ना, बाबा?"

"बघतो प्रयत्न करून," तो म्हणाला.

तो विचारायचा आणि थांबायचा. नात त्याच्याकडे बघायची, मग दुसरीकडे बघायची. पाच व्हायचे, दहा व्हायचे. वहीत तारखा पडत होत्या आणि त्यांच्यापुढे रकाने रिकामे राहत होते.

जेवताना मात्र फोन लागायचा. त्याशिवाय घास उतरत नसे, आणि फोनवर आजोबांचाच उंट, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. एका दुपारी भरवायचं काम उंटोबाकडे आलं, आणि फोनऐवजी तो नातीच्या तोंडाकडे बघत बसला. घास कधी द्यायचा ते कळावं, एवढाच हेतू.

जांभळ्या उंटाने त्याच्या आवाजात विचारलं, "सांगा बरं, मांजर कुठे लपलंय?"

नातीने श्वास घेतला. ओठ मिटले, 'म' म्हणताना मिटतात तसे. आणि तेवढ्यात फोनमधल्या त्याच आवाजाने म्हटलं, "अस्सं होय! किती हुशार तुम्ही! चला, आता बदक शोधू या."

ओठ सुटले. घास आत गेला.

बदकाच्या वेळीही तेच झालं. सशाच्या वेळी तिने श्वास घेतला, ओठ हलवले नाहीत. त्यानंतर पुढची गोष्ट आपोआप सुरू झाली, तीत सात प्रश्न होते. एकाही प्रश्नाला तिने श्वास घेतला नाही.

उंटोबाने ताटली खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेला.

"ती बोलायला जाते," तो बायकोला म्हणाला. "मीच बोलू देत नाही."

"तुम्ही? तुम्ही तर इथे उभे आहात."

"तो तिथला मी."

बायकोने नळ बंद केला. "मग जा आणि सांगा त्यांना," ती म्हणाली.

कंपनीचं ऑफिस सगळं काचेचं होतं, आणि कुणी कुणाशी बोलताना दिसत नव्हतं. मुलांच्या विभागाची प्रमुख पस्तीस-छत्तीस वर्षांची बाई होती. ती उठून उभी राहिली, खुर्ची पुढे केली, आणि म्हणाली, "काका, मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं लहानपणी. उत्तर आलं होतं. उंटाच्या पायाचा ठसा होता त्यावर."

"अर्ध्या बटाट्याचा होता तो," उंटोबा म्हणाला. "उंटाला पाय नव्हते."

त्याने काय हवं ते सांगितलं. प्रश्नानंतर पाच सेकंद, बस. बाकी जांभळा असो, पापण्या असोत.

तिने संगणक त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एक रेषा होती, डावीकडून उजवीकडे जाणारी. "ही मुलं, काका. रेषा वर, म्हणजे बघतायत. आता आम्ही सुरुवातीला एका भागात तुमच्यासारखं थांबून बघितलं होतं. हे बघा, इथे प्रश्न. आणि इथे, दीड सेकंदाला."

रेषा जिन्यावरून घसरल्यासारखी खाली आली होती.

"कुठे गेली मुलं?"

"दुसऱ्या व्हिडिओवर."

"आमच्या वेळीही जात असतील. शू करायला वगैरे. पण परत यायची."

"तेव्हा ही रेषा नव्हती ना."

तो रेषेकडे बघत राहिला. "तुम्ही काय करायचात तेव्हा? मी थांबलो की?"

"उत्तर द्यायचे. ओरडून. शेजारच्यांची तक्रार होती." ती हसली आणि मग हसायची थांबली. "पण काका, इथे गप्प जागा यंत्रच कापतं. माणूस बसत नाही त्याला. त्याला गप्प म्हणजे रिकामं वाटतं."

"आमच्याकडेही होतं तसं यंत्र. फक्त त्याला सहा सेकंद लागायचे."

तिला ते कळलं नाही, पण तिने एक केलं. एका गोष्टीत, मांजराच्याच, पाच सेकंदांच्या जागा ठेवून ती आठवडाभर चालवायचं कबूल केलं. लिफ्टपर्यंत सोडायला आली. दार बंद होताना म्हणाली, "तुमचा आवाज समोरून ऐकला की अजूनही उत्तर द्यावंसं वाटतं."

मांजराची नवी गोष्ट सोमवारी आली. दुपारी उंटोबाने स्वतः फोन लावला, नातीला मांडीवर घेतलं, बायकोला बोलावलं. जांभळा उंट म्हणाला, "सांगा बरं, मांजर कुठे लपलंय?" आणि थांबला.

उंटोबाचा उजवा हात मांडीवर आपोआप हलू लागला. एक. दोन.

नातीने पडद्यावर बोट मारलं. परत मारलं. मग तिने फोन उचलून आजोबांच्या हातात दिला, जसा ती सेल संपलेला खेळण्यातला ससा द्यायची तसा. बिघडलाय, दुरुस्त करा.

तेवढ्यात पाच झाले आणि फोन आजोबांच्या हातात म्हणाला, "अस्सं होय? मला वाटलंच नव्हतं."

चौथ्या दिवशी ती गोष्ट दिसेनाशी झाली. उंटोबाने फोन केला तेव्हा प्रमुखबाई म्हणाली, कुणी काढली नाही काका, ती आपोआप मागे पडली. कुठे मागे, असं त्याने विचारलं. फार मागे, ती म्हणाली.

थेरपिस्टकडे जायला नऊ दिवस उरले होते. उंटोबाने माळ्यावरून पिशवी काढली. उंटाच्या मानेला कसर लागली होती, एक डोळा लोंबत होता, पण बिजागरी त्याने स्वतः बसवलेली होती, ती चालू होती. सोफा भिंतीपासून ओढून तो मागे उताणा पडला. खांदा निम्म्यावर अडला. डाव्या हाताने कोपर ढकलून त्याने उंट सोफ्याच्या पाठीवर काढला.

"या वयात कुणी असं पडलेलं सापडलं तर लोक डॉक्टर बोलावतात," बायको दारातून म्हणाली, आणि नातीला सोफ्यासमोर बसवून आत गेली.

"उंटाला भूक लागलीय," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला. फोनमधला जास्त त्याच्यासारखा होता. "सांग बरं, काय देशील?"

आणि रवंथ. एक, दोन, तीन, चार, पाच. इथे घंटा नव्हती. सहा, सात. दंडातून कळ मानेपर्यंत गेली. बारा. समोर काहीच आवाज नव्हता. मग पावलं वाजली, ती लांब गेली, परत जवळ आली.

नात सोफ्याला वळसा घालून मागे आली होती. सत्तावीस वर्षांत एकही मूल भिंतीमागे आलं नव्हतं. जमिनीवर पडलेले आजोबा तिने बघितले, त्यांच्या वर गेलेला हात बघितला, आणि त्यात तिला विशेष काही वाटल्याचं दिसलं नाही. तिच्या हातात फोनचा चार्जर होता. टाचा उंचावून तिने वायरचं टोक उंटाच्या तोंडात घातलं आणि हाताने जबडा मिटवला.

"अस्सं होय?" उंट म्हणाला. "मला वाटलंच नव्हतं."

मग तो वायर चघळू लागला. नात आजोबांच्या डोक्याशी मांडी घालून बसली आणि वर बघत राहिली. चार्ज व्हायला वेळ लागतो हे तिला माहीत होतं. ती थांबली. पाचपेक्षा जास्त, वीसपेक्षाही जास्त थांबली. इतकं कुणी उंटासाठी थांबलं नव्हतं, आणि आजोबांचा हात आता भरून आला होता. त्यांनी दात आवळले. चाळीसच्या आसपास हात आपला आपणच खाली आला आणि उंट त्यांच्या तोंडावर पडला.

नातीने उंट उचलला. हलवून बघितला. खाली ठेवला.

"बंद," ती म्हणाली, स्पष्ट, आणि स्वयंपाकघरात आजीकडे निघून गेली.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा उंटोबा खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. तिने पर्स ठेवायच्या आधीच विचारलं, रोज विचारायची तसं, उत्तराची आशा न ठेवता, "काही बोलली?"

"बोलली. वहीत लिहिलंय."

तिने वही ओढली. 'नवा शब्द' खाली बाबांच्या सुतारी अक्षरात 'बंद' असं होतं. तिने ओळ परत वाचली. हसत होती, डोळे पुसत होती, नवऱ्याला फोन लावत होती, सगळं एकदम. "बाबा, नवा शब्द आहे हा. खरंच म्हणाली? कसं म्हणाली?"

"थांबून," उंटोबा म्हणाला.

आत जेवण सुरू झालं होतं. फोनवर त्याचाच आवाज कुणाला तरी किती हुशार आहात म्हणून सांगत होता. मुलीने वहीतला पुढचा रकाना बघितला, कोणत्या प्रसंगी, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय लिहिलंय? उंट रवंथ करत होता. बाबा, हे त्या बाईंना कसं दाखवू मी?"

त्याने पिशवी खांद्यावर थोडी सरकवली. "दाखव तसंच," तो म्हणाला. "कारण लिहावं लागतं."